साखरपुड्याची परवानगी

७ एप्रिल २०२५, सोमवार

डोकं फिरलंय! आमची कंपनी सलाइन बनवते. आता दुसऱ्या एका सलाइनवाल्या कंपनीचे डिबेंचर घेणार आहे — आज नुसते रोखे, तीन वर्षांनी त्यांचे आपोआप शेअर होणार. मी विचारलं, स्पर्धा आयोगाची परवानगी? फायनान्सचा सुबोध म्हणाला, "ती शेअर होतील तेव्हा. अमेरिकेच्या सल्लागाराने लिहून दिलंय ना!" तिकडे असेल तसं. आपण अंधेरीत बसलोय!

त्यात आमच्या मालकांना, श्यामकांत सरांना, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हवाय. म्हणजे वाट लागली. शकुनाशिवाय त्यांचं पान हलत नाही. पाडवा रविवारी आला तरी ऑफिसात पूजा झालीच. मी आईला घेऊन देवगडला गेले होते, माझी चुकली. केबिनच्या दारावरचं तोरण सुकून अजून लटकतंय.

८ एप्रिल

कायदा पुन्हा वाचला. ज्या रोख्याचा पुढे मताधिकाराचा शेअर होतो, तो रोखाच आपल्याकडे शेअर धरतात. म्हणजे आधी परवानगी, मग खरेदी. माझंच बरोबर!

११ एप्रिल, शुक्रवार

मीटिंग. सर हसतच म्हणाले, "उत्तरा, अगं हा नुसता साखरपुडा आहे. साखरपुड्याची नोंदणी करतं का कोणी?"

"सर, हा साखरपुडा मोडता येत नाही. लग्न ठरलंय, फक्त तारीख लांबची."

सुबोध पुटपुटला, "तू ना यार, डील मारणार."

मेली तर मेली. मोठ्या कंपन्या दोनच. त्या एक झाल्या तर मुलुंडच्या छोट्या नर्सिंग होमने घासाघीस करायची कोणाशी? आयोगाने हे विचारायलाच हवं. आणि कंपनी सेक्रेटरी मी आहे. अर्जातलं सगळं खरं, असं सांगणारी सही माझी. ती खोटी होऊ देणार नाही. बस्स!

१२ एप्रिल

नवरा, निहार, म्हणतो, "नोकरी जाईल गं." मी त्याला सांगितलं — बोरिवलीत पोळीभाजी केंद्र काढीन. तो नको इतका हसला.

१६ एप्रिल, बुधवार

सर तयार झाले! दिल्लीच्या वकिलांनीही माझंच म्हणणं सांगितलं. "बरं, आधी अर्ज कर. अक्षय्य तृतीया गेली तरी चालेल." इतक्या सहज? मुहूर्तावर पाणी सोडणारे सर मी पहिल्यांदाच पाहिले. असो. येताना श्रीखंड आणलं, दोघांनी डबा संपवला. खूप बरं वाटतंय.

२१ एप्रिल, सोमवार

अर्ज तयार. 'परवानगीआधी एकही रोखा घेतलेला नाही' या वाक्याखाली सही करायला पेन उघडलं. सर खुशीत होते. "आणि मुहूर्ताची काळजी नको. पाडव्याच्या पूजेतच शकुनाचे अकरा डिबेंचर घेतलेत आपण. आता बाकीचे सावकाश घेऊ."

सुबोध खिडकीबाहेर बघायला लागला.

ते वाक्य खोडलं. वर लिहिलं — पाडव्याला अकरा घेतले.

सर उठून उभेच राहिले. "अगं, दंड होईल! अकराच तर आहेत!"

"हो सर. अकराच लिहिलेत."

मग सही केली.