मान न वाकवता गोळी

३ जून २०१९, सोमवार
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. वीस तारखेला आपरेशन. डॉक्टरीण म्हणली, बीपी उतरलं तरच डोळ्याला हात लावीन. रोज सकाळी एक कॅप्सूल. आषाढात लेकीचं बाळंतपण हाय, बाळाच्या गोधडीला टाके घालायचे तर डोळा पाहिजे. उद्यापासून सुरू. त्यात काय अवघड.

४ जून
गेली नाय. मी धनगराची लेक, शंभर शेळ्यांना औषध पाजलंय. मुंडी वर, जबडा धरायचा, ओतायचं. तसंच केलं. पाणी गेलं, कॅप्सूल टाळूला चिकटली. कंपनीचा माल खराब. माझ्या गळ्यात दोष नाय.

६ जून
डॉक्टरणीच्या दवाखान्यात जाऊन सिस्टरला झापलं. ती म्हणती, मावशी, कॅप्सूल पाण्यावर तरंगती, मान खाली घालून गिळा, हनुवटी छातीकडं. रांगेतल्या बाया हसल्या. मान खाली घालून मी सासूपुढं पण पाणी प्याले नाय. माझं मी बघते.

७ जून
आयडिया. कॅप्सूलचं टोपण उघडलं, पावडर पहिल्याच भाकरीच्या पिठात मळली. पहिलीच, म्हणजे विसर पडायला नको. पहिली भाकर टोपल्यात तळाला जाती, आन् सगळ्यांच्या मागून जेवणारीला तळाचीच येती. खाल्ली. कडू नाय, काय नाय. डोकं लागतं.

१३ जून
सात दिवस, एक खाडा नाय. अंग हलकं वाटतं. शेजारच्या चतुराबाईला युक्ती सांगितली. तिचं ध्यान नव्हतं, गाय सुस्त झाली म्हणून रडत होती. गोधडीसाठी जुनी लुगडी धुऊन ठेवली.

२० जून, सकाळ
निघाले. बीपी उतरलं असणारच.

२० जून, दुपार
एकशे नव्वद. आपरेशन नाय. डॉक्टरणीनं विचारलं, गोळ्या घेतल्या का. मी ताठ सांगितलं, रोज, पहिल्या भाकरीतून. आमचे हे बाजूला बसलेले. दवाखान्यात कधी तोंड उघडत नाय, आज उघडलं.
"अगं, पहिली भाकर तर मी रोज चतुराबाईच्या गाईला नेतो. तूच लावलंस ना हे वळण?"
डॉक्टरीण लई बोलली. टोपण उघडायचं नसतं, भाजायचं तर नसतंच. नवी तारीख पाच जुलै. मी आपली फरशीकडं बघत बसले. सिस्टरनं हातात कॅप्सूल आन् पाणी दिलं. वर बघायची सोयच नव्हती. तशीच तोंडात टाकली.
गेली.
कशी गेली, ते ह्या वहीत लिहिणार नाय.