एका हौदाचं पाणी

प्रिय आबा,

कॉन्व्हेंट शाळेचं फाटक आठवतं? तुम्ही लगाम ओढायच्या आधीच घोडी थांबायची. मी दप्तर सावरत टांग्यातून उतरेपर्यंत सिस्टर गुळाचा खडा घेऊन पुढे आलेल्या असायच्या. "गुड मॉर्निंग" आधी घोडीला, मग मला! तुम्ही हसायचात, "तुझ्याआधी हिचं नाव शाळेत घातलंय."

त्याच घोडीच्या वंशातली आपली चंपा. काल डॉक्टर हातमोजे घालून आले आणि तिचं रक्त घेऊन गेले. मला फार भीती वाटते आहे, आबा. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्ही गेल्यानंतरचा आपल्या घोडेवाल्यांच्या मंडळाचा पहिला मेळावा नेहमीसारखाच नशिराबादला, आपल्या अंगणात भरला. तुम्ही, सलीमभाई आणि झुंबरशेठ अशा तिघांनी हे मंडळ सुरू केलं, तेव्हा आई म्हणाली होती, "टांगे गेले, आता घोड्यांना काय पेन्शन देणार?" आणि आता बघा, अमळनेर, धुळे, थेट शिरपूरहून लोक गाडीला जुंपायचे घोडे घेऊन येतात. वर्गणी नाही, सही नाही. नव्या घोड्यानं आपल्या हौदात तोंड घातलं की तुम्ही ओरडायचात, "पाणी पिना! आते तो आपला शे!" पाणी प्यायला, की तो आपला झाला; मग त्याच्यामागे बाकीचे घोडे प्यायचे. केवढा अभिमान होता तुम्हाला या रीतीचा!

या वेळी नवा घोडा शिरपूरच्या भिकनभाऊंचा होता. केळीची गाडी ओढणारा, दणकट. तो प्यायला, टाळ्या पडल्या, मग चंपा प्यायली, सलीमभाईंची घोडी प्यायली, सगळेच प्यायले. तुमचं ते वाक्य मीच ओरडले.

आठवडाही झाला नाही आणि भिकनभाऊंचा फोन आला. घोड्याच्या नाकातून घट्ट शेंबूड येत होता, पायावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांना ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाचा संशय आहे. त्याला औषध नाही, आबा. रक्तात निघाला तर घोडा जिवंत ठेवता येत नाही, कायद्यानंच नाही. माणसालाही होतो म्हणे. आणि पसरतो कशातून? एका हौदातल्या पाण्यातून!

असली रीत का घातलीत हो? नारळ फोडला असता, गुलाल लावला असता!

भिकनभाऊ फोनवर रडत होते. "अक्का, मन्हामुये बठ्ठासना घोडा जातीन का व?" आपल्यामुळे सगळ्यांचे घोडे जातील, हीच त्यांना भीती. झुंबरशेठ म्हणतात, मंडळ बंद करा. सलीमभाई चिडले, "ओ शेठ, घोडा बीमार आहे, दोस्ती नाही."

चंपा तबेल्यात एकटी आहे. मी हातमोजे घालून लांबूनच तिच्यापुढे बादली सरकवते. ती पीत नाही. कोरड्या हौदाकडे बघत उभी राहते. तिच्या मानेवर हात फिरवायचीही मनाई आहे मला. फोन वाजला की धावत जाते. रिपोर्ट अजून आलेला नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्हीही घाबरला असता ना? खरं सांगा!

एक वचन देते. रिपोर्ट काहीही येवो, मंडळ मी मोडू देणार नाही. पुढच्या मेळाव्याला प्रत्येक घोडा आपली बादली घेऊन येईल, आणि आधी डॉक्टरांचा दाखला. तुमचं वाक्य मात्र तेच राहील.

आता तुमच्या वस्तूंचं. टांग्याचा पितळी साज सलीमभाईंना. घासूनपुसून ठेवतील तर तेच. चाबूक झुंबरशेठना, कारण तुम्ही तो कधी उगारला नाहीत, हे त्यांना रोज दिसू दे. घुंगरमाळ भिकनभाऊंना. त्यांचा घोडा बहुतेक वाचणार नाही, पण दुसरा घेतील तेव्हा त्याच्या गळ्यात ती हवी. माणूस आपला झालाय, तो परत परका होत नाही.

हौद कुणालाच नाही. डॉक्टर औषधानं धुऊन देतील, मग त्यात माती भरून लसूणघास पेरीन. चंपा राहिली तर पहिली पेंढी तिची.

नाही राहिली, तर ती तुमच्याकडे येईल. आधी मानेवर खाजवा, मला ते करता आलेलं नाही. आणि आबा, पाणी वेगळ्या बादलीत द्या.

तुमची,
बेबी