दोन्ही हात वर

१ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठे फोटोग्राफर ठेवतात म्हणे. ही कोणी वाचायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिणार.

आधी पार्श्वभूमी. पाणीपुरवठा ऑफिसात बिलांच्या टेबलावर जन्म गेला. उन्हाळ्यात रिटायर झालो. निरोप समारंभात साहेबांनी माझं म्हणून जे कौतुक केलं ते शेजारच्या टेबलवाल्याचं होतं. मीही टाळ्या वाजवल्या. तिथेच ठरवलं, आता मालगाड्यांचे फोटो. पॅसेंजर गाडीचा फोटो कोणीही काढतो. मालगाडीला टाइमटेबल नसतं, ती तिच्या मनाला येईल तेव्हा येते. तिथे माणसाचा कस लागतो.

बायकोशी करार झाला आहे. डोंगरातल्या या गावात महिनाभर खोली घ्यायची. रेल्वेने नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी लोकांकडून फोटो मागवलेत, मुदत महिनाअखेर. माझा फोटो रेल्वेने छापला तर मी फोटोग्राफर. नाही छापला तर तिच्या भावाच्या नळ-पाइपच्या दुकानात काउंटरमागे बसायचं, कायमचं. ही म्हणाली, बरं. इतक्या पटकन म्हणाली, की तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे हे उघड आहे.

२ नोव्हेंबर, सकाळ
जागा सापडली. आमच्या खोलीच्या मागच्या उतारावर, रेल्वेच्या कुंपणाला लागून एक सपाट दगड आहे. खालून खनिजाची मालगाडी चढ चढत येते. पुढे दोन इंजिनं, मागून ढकलायला आणखी एक. समोरच्या वळणावर गाडी अशी वाकते, की पुढची इंजिनं, मधल्या सगळ्या वाघिणी आणि मागचं इंजिन एकाच फोटोत यावं. मागे बर्फाचं शिखर. असा फोटो आजवर कोणी काढलेला नाही. (घरमालकीणबाईंच्या बैठकीत एक लावलेला आहे, पण तो ब्लॅक अँड व्हाइट.)

संध्याकाळ
दोन मालगाड्या गेल्या. पहिलीच्या वेळी लेन्सचं झाकण काढायचं राहिलं. दुसरीच्या वेळी डबा खात होतो. उद्यापासून डबा नाही. साधना म्हणजे साधना.

४ नोव्हेंबर
डबा नेला नाही. चक्कर आली. हिने गच्चीवरून पाहिलं आणि उकडलेली अंडी घेऊन धावत खाली आली. नेमकी तेव्हाच गाडी. फोटोत वळण आहे, वाघिणी आहेत आणि सगळ्याच्या पुढे हिचा खांदा. आता गच्चीवरूनच बघत जा, असं सांगितलं. ती म्हणाली, तेच करत होते.

५ नोव्हेंबर
आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. मालगाडीच्या ड्रायव्हरने मला ओळख दाखवली. इंजिन माझ्या दगडाजवळ येताच लांबलचक भोंगा. ना फाटक, ना स्टेशन. तिथे माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. मी हात केला. एकच, दुसऱ्यात कॅमेरा होता. तो हसला बहुतेक. मिशी आहे त्याला.

फोटो हलला. पण आज फोटोचं काही वाटलं नाही. ऑफिसात इतकी वर्षं रोज जिना चढून आत गेलो, कोणी मान वर करून या म्हटलं नाही.

८ नोव्हेंबर
आता सगळेच ड्रायव्हर भोंगा देतात. बिनमिशीवालेसुद्धा. आपापसात बोलणं झालं असणार. दगडावरचे ते साहेब, असं काहीतरी. हिला सांगितलं. ती विणता विणता टाके मोजत होती, हं म्हणाली.

फोटोंचा आढावा: हात करताना बरेचसे हलले. एक अप्रतिम आला आहे, उजेड, शिखर, सगळं जिथल्या तिथे. फक्त त्यात गाडी नाही.

११ नोव्हेंबर
ताप. दगडावर वारा फार. दिवसभर पडून. दुपारी भोंगा ऐकू आला, नेहमीपेक्षा लांब. बिचारा शोधत असेल. हिला म्हटलं, खिडकीतून जरा हात तरी कर, नाहीतर त्याला चुटपुट लागेल. ती म्हणाली, अहो, तुम्ही नसलात तरी तो वाजतोच. पहिल्या दिवशी आपण सामान लावत होतो, तेव्हाही वाजला होता.

आता पहिल्या दिवशी कोणासाठी वाजला, हे मी कसं सांगणार? माझ्या आधी तिथे दुसरं कोणी उभं राहत असेल. हिला मैत्रीतलं काही कळत नाही.

१५ नोव्हेंबर
बरा झालो. आभाळ स्वच्छ, शिखर लख्ख. खनिजाची गाडी चढ चढू लागल्याचा आवाज खालून आला. कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास रोखला. इंजिनं वळणावर आली, बोट बटणावर, आणि वरून दुसऱ्या रुळावरून रिकामी मालगाडी उतरत आली ती थेट माझ्या आणि गाडीच्या मध्ये. ती संपेपर्यंत खनिजाची गाडी पुढच्या बोगद्यात. माझ्याकडे आता रिकाम्या वाघिणींच्या बाजूचे भरपूर फोटो आहेत. सगळे सारखेच.

ही गच्चीवरून म्हणाली, गेली की हो. जखमेवर मीठ.

मेहुण्याचा फोन. काउंटरमागे नवी खुर्ची आणली आहे, गादी कुठल्या रंगाची आवडेल? म्हटलं, वेळ आल्यावर बघू. म्हणाला, निळी घेऊन ठेवतो.

१८ नोव्हेंबर, सकाळ
इतके दिवस फोटो का बिघडतात ते आज कळलं. दोष माझा नाही, झुडपाचा आहे. दगडाच्या उजवीकडे कुंपणापलीकडे वेलींचं गचपण माजलं आहे, ते कोपऱ्यात येतं आणि नजर विचलित होते. माझी. घरमालकीणबाईंकडे कोयता मागितला. बाई म्हणाल्या, बोटं सांभाळा.

दुपार
कुंपणातून हात घालून गचपण तोडलं. आत एक खांब निघाला. खांबाला पाटी. पाटीची पाठ माझ्याकडे होती, तोंड खालून येणाऱ्या गाडीकडे. मान वाकडी करून वाचली.

शिटी वाजवा.

एवढंच. पुढे बोगदा आहे, म्हणून असणार.

संध्याकाळ
शांतपणे विचार केला. नियम म्हणून वाजवणं वेगळं आणि मनापासून वाजवणं वेगळं. मनापासून वाजवलेला भोंगा किंचित लांब असतो. मी ऐकलेला आहे. आणि पाटी इतकी झाकलेली होती, की ती ड्रायव्हरला दिसतच नसणार. मग तो काय बघून वाजवत होता? हिला विचारलं. ती म्हणाली, त्यांना पाठ असेल. मग म्हणाली, चहा करू का? एरवी ती असं विचारत नाही, सरळ आणून ठेवते.

२० नोव्हेंबर
भोंगा झाला. हात केला नाही. त्याच्याही लक्षात आलं असेल.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. फार वाईट वाटलं.

२४ नोव्हेंबर
ढग. शिखर आहे की नेलं कोणी, कळत नाही. दगडावर गेलो नाही. ही म्हणाली, जाऊन तरी या, घरात बसून माझी लोकर गुंतवताय. गेलो. भोंगा झाला. हात अर्धा वर गेला, तो टोपी सारखी करण्यात घालवला.

२७ नोव्हेंबर
ढग. मेहुण्याचा फोन. गादी आली. छान आहे म्हणतो.

२८ नोव्हेंबर
घरमालकीणबाई म्हणतात, उद्या उघडेल. त्यांचा गुडघा सांगतो. माझी तयारी पूर्ण. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा, बटणाला वायर, वायर खिशात. म्हणजे हात मोकळे. आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. उद्या ड्रायव्हरची परीक्षा घ्यायची. पाटीसाठी वाजवतो की माझ्यासाठी, काय तो सोक्षमोक्ष. इतके दिवस मी एका हाताने नमस्कार केल्यासारखं केलं. एक हात काय, माशी हाकलायलाही माणूस करतो. उद्या दोन्ही हात. डोक्याच्या वर, ताठ. तो पाटीच्या अलीकडे असतानाच. ओळखत असेल तर तिथेच उत्तर देईल.

२९ नोव्हेंबर, सकाळ
उघडलं. गुडघा खरा ठरला. निघतो. आज रात्री फोटो पाठवणार, परवा मेहुण्याला फोन करून गादी परत द्यायला सांगणार.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

गाडी आली. शिखर असं, की हात लावावा. रिकामी मालगाडी नाही, ही वर गच्चीवर, मी एकटा. पुढची इंजिनं वळणावर आली. मी दोन्ही हात वर केले. ताठ. जरा हलवलेसुद्धा.

उत्तर आलं. भोंगा नाही, ब्रेक. चाकं किंचाळली, वाघिणी एकमेकींवर धडधडत आदळत गेल्या, तो आवाज पार खाली दरीत उतरला. आणि ती एवढी मोठी गाडी माझ्यासमोर, वळणावर, शिखराखाली, पुढच्या इंजिनापासून मागच्या इंजिनापर्यंत अख्खी उभी राहिली.

पाणी तोडण्याच्या नोटिसा सोडल्या तर माझ्यामुळे आजवर काहीही थांबलेलं नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. मिशीवालाच. रुळांवरून धावत माझ्याकडे आला. मी कुंपणावरून हात पुढे केला, म्हटलं, शेवटी भेट झाली. त्याने हात हातात घेतला नाही. धापा टाकत विचारलं, काय झालंय, पुढे दरड आलीय का? म्हटलं, छे छे, पुढे सगळं ठीक आहे, मीच. तो म्हणाला, मीच म्हणजे कोण?

दगडावरचा, असं म्हटलं.

मग त्याने सांगितलं, की रेल्वेत दोन्ही हात डोक्यावर म्हणजे धोका, जागच्या जागी थांब. लहान पोरालाही माहीत असतं म्हणाला. हे अर्थात मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, इतकंच. भरलेली गाडी चढावर थांबली की सहजासहजी सुटत नाही. खालून आणखी एक इंजिन मागवावं लागलं. तोवर खाली दोन गाड्या खोळंबल्या.

मला स्टेशनात नेलं. स्टेशनमास्तर आधी ओरडले, मग पाणी दिलं. एवढ्यात ही आली, स्वेटर घेऊन, धावतपळत, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांना म्हणाली, वाईट माणूस नाही हो, आत्ताच रिटायर झालेत. हे मला मुळीच आवडलं नाही. पण मास्तरांचा चेहरा निवळला. त्यांना पुढच्या वर्षी व्हायचं आहे म्हणे. समज देऊन सोडलं. रुळाच्या जवळपास दिसायचं नाही, ही अट.

वाटेत हिने विचारलं, एवढा वेळ गाडी समोर उभी होती, फोटो तरी काढलात ना?

वायर खिशात होती. गाडी उभी होती, शिखर उघडं होतं, उजेड होता. बटण दाबायचं सुचलंच नाही. त्या वेळी मी फार आनंदात होतो.

३० नोव्हेंबर
मुदत संपली. काही पाठवलं नाही. पाठवायला काही नव्हतं. ही गच्चीवर बसून फोनवर कितीतरी वेळ खुडबुड करत होती. विणीचे नमुने असतील.

सामान बांधलं. दुपारी भोंगा झाला. मी खोलीत होतो. नेहमीपेक्षा आखूड वाटला.

१५ डिसेंबर
दुकान. आयुष्यभर पाण्याची बिलं केली, आता नळ विकतो. दुधाची तहान ताकावर. गादी चांगली आहे, मान्य करावं लागेल.

हिला रेल्वेचं उत्तर आलं. त्या दिवशी गच्चीवरून हिने मोबाइलवर फोटो काढला होता आणि मला न विचारता माझ्या नावाने कॅलेंडरसाठी पाठवून दिला होता. म्हणाली, तुमचा चेहरा बघवत नव्हता. मी पाहिला फोटो. वळण, वाघिणी, पुढची इंजिनं, मागचं इंजिन, शिखर. सगळं एकात. मधोमध पाठमोरा मी, दोन्ही हात वर. माझे कान स्पष्ट आले आहेत.

रेल्वे म्हणते, कॅलेंडरसाठी योग्य नाही. पण सुरक्षा विभागाला हवा आहे.

६ जानेवारी
पोस्टर निघालं. लाल अक्षरांत, असे करू नका. खाली मी. डोंगरातल्या प्रत्येक स्टेशनात लागलं आहे. करारात 'रेल्वेने छापला तर' असं होतं, कॅलेंडर असा शब्द नव्हता. हे मी हिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, फोटो मी काढलाय, तुम्ही फक्त त्यात आहात. त्यावर मेहुणा इतका हसला, की गिऱ्हाईक परत गेलं. त्याने एक पोस्टर आणून माझ्या खुर्चीच्या वर लावलं आहे. नळ घ्यायला आलेले लोक आधी पोस्टर बघतात, मग माझे कान. कॅलेंडर वर्ष संपलं की फेकतात, हे पोस्टर राहणार, असं मी त्यांना सांगतो.

दुपारी दारात पाइपांचा ट्रक आला. लांबलचक हॉर्न. मी पायरीवर उभा होतो, हात आपोआप वर गेला. एकच. दोन्ही नाही, शिकलो आहे. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, काका, बाजूला व्हा.

काका म्हणाला. म्हणजे ओळखतो.