ह्यांचा कॅमेरा

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

कॅमेऱ्याची पूजा केली. कुंकू लावताना काचेला बोट लागू नये म्हणून जपावं लागतं. आधी हे करायचे, आता मी करते. एक झेंडू, दोन आपट्याची पानं. शेजारी फ्लॅश, स्टँड आणि फोटो कापायची कात्री मांडली.

हर्षालीचा लातूरहून फोन. "आई, त्या डबड्याची किती पूजा करशील गं! म्हातारं झालंय ते." नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे पोरगी, सगळ्यांचं वय तिला लगेच कळतं! हसले मी.

पण तिचं खोटं नाही. आत डोळा लावला की नुसतं धुकं. ह्यांनी शिकवलं होतं, "आत बघत बसू नको. अर्धं दाब, टिक वाजलं की पुरं दाब." तेव्हा मी फक्त बायकांचे फोटो काढायची, तेही कधीमधी. आता चार वर्षं झाली, सगळं मीच काढते. टिक वाजतं, मी दाबते, फोटो येतो. धुकं तसंच.

कॅमेरा थकला असावा.

१४ ऑक्टोबर

धुरपताबाई गेल्या. नव्वदीच्या होत्या. सकाळीच त्यांचा मुलगा शंभुलिंग स्वतः बोलवायला आला. "वहिनी, तेवढा फोटो काढून द्या आईचा."

मी गेले तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणं म्हातारीला बसवलं होतं. मांडी घालून, पाठीला लाकडी टेकू, कपाळावर विभूती, गळ्यात हारच हार. घरचे सगळे दोन्ही बाजूंनी दाटीवाटीनं उभे. अशा ठिकाणी मला कुणी "जरा मागं थांब" म्हणत नाही. हळदीच्या मांडवात म्हणतात. इथं विधवेची कुणाला अडचण नसते.

मी डोळा लावला तेवढ्यात सून म्हणाली, "थांबा थांबा, पदर सरकलाय त्यांचा. न्हायतर ओरडतील." आणि स्वतःच रडायला लागली.

टिक वाजलं. दोन काढले.

१७ ऑक्टोबर

वाईट झालं. फार वाईट.

फ्रेम करायची म्हणून आज कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. हारातला झेंडू न् झेंडू स्पष्ट, पाकळ्या मोजून घ्याव्यात असा. तोंड मात्र पुसट. दोन्ही फोटोंत तेच. टिक वाजलं ते हारावर वाजलं, कॅमेऱ्यानं तोंड सोडून हार धरला! आत धड दिसलं असतं तर तिथंच कळलं असतं मला, तिसरा काढला असता. आता कुठून काढू? मातीत गेल्या त्या. आधार कार्डावरचा सोडला तर त्या बाईचा दुसरा फोटोच नाही.

शंभुलिंग आला. लपवता येण्यासारखं नव्हतं, दाखवलं.

"वहिनी, आईचं तोंड कुठाय ह्यात?"

रागावला असता तर बरं वाटलं असतं. उठता उठता म्हणाला, "महांतप्पाचा हात व्हता म्हणून चालला ह्यो कॅमेरा. आता न्हाय चालायचा. मोनिकाचं लगीन तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. पोरगी म्हणती, दैवशालाकाकूच पाहिजे फोटोला, म्या दुसऱ्या कुणाला घेणार न्हाय. पण वहिनी, नवा घेत असाल तर. न्हायतर म्या उमरग्याचा माणूस सांगतो. दिवाळीच्या आत कळवा."

त्याचं काही चुकलं नाही. आईचं तोंड गेलं, लेकीचं जायला नको त्याला.

१८ ऑक्टोबर

हर्षालीला सगळं सांगितलं.

"मग घे की नवा! धाराशिवला ते समदभाई आहेत ना, जुना घेऊन नवा देतात. व्हिडिओचं मी शिकवते तुला. एक काम गेलं की दहा जातील आई, बघ तू."

जुना घेऊन. म्हणजे हा द्यायचा. मी विचारलं, जेवलीस का. तिला कळलं.

"आई, बाबा काय त्या कॅमेऱ्यात बसलेत का?"

नाहीत. पण दुसरीकडं तरी कुठं आहेत?

१९ ऑक्टोबर

जेवळीचं बारसं होतं. कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं, गेले नाही.

२० ऑक्टोबर

हे कधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहिते. नाही लिहिलं तर ठरवताच यायचं नाही.

हे गेले त्या दिवशी सकाळी भांडण कॅमेऱ्यावरूनच झालं. हे म्हणाले, "हा आता नीट दाखवत नाही. नवा घेऊ या."

मी म्हणाले, "कॅमेऱ्याला काय धाड भरलीय! तुमचंच मन नाही कामात. लोक आता मोबाइलवर काढतात. नवा कशाला? बंद करून टाका दुकान."

बंद करून टाका. हेच म्हणाले मी.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, गाडीला किक मारली आणि लोहाऱ्याला कामावर गेले. दिवेलागणीला परत येताना रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नसलेली. मागून सरळ तिच्यावर गेले. गाडीचा चुरा झाला. कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत होता, त्याला ओरखडासुद्धा नाही.

पंचनाम्यात लिहिलंय, ब्रेक दाबल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. तो कागद मी स्वतः वाचला. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी दुकानातल्या रद्दीवर शिकले, मग वाचनालयातली पुस्तकं आणून. ह्यांना कोण कौतुक होतं त्याचं! त्या दिवशी वाटलं, शिकले नसते तर बरं झालं असतं.

दहाव्याला आलेल्या बायका चुलीपाशी बोलत होत्या. "रस्ता सरळ, ट्रॉली एवढी मोठी. ब्रेक का मारला नसंल?" "घरात काय झालं व्हतं का?" मी आत गेले तशा आमटीच्या मिठाचं बोलू लागल्या.

माझ्या तोंडावर कुणी विचारलं नाही. मीच विचारते. चार वर्षं, रोज. मी तसं बोलले म्हणून का? सकाळी दुकान बंद करा म्हणाले, म्हणून संध्याकाळी सगळंच बंद केलंत का?

आणि जे घ्यायला त्यांना नाही म्हणाले, तेच आता माझ्यासाठी घेऊ? कुठल्या तोंडानं?

२२ ऑक्टोबर

धाराशिवला जाऊन आले. ठरवून नव्हते गेले, नुसतं विचारायला. एसटीत कॅमेरा मांडीवरच धरून बसले.

समदभाईचं दुकान लहान, अर्धं विक्रीचं, अर्धं दुरुस्तीचं. माझ्याच वयाचा माणूस. कॅमेरा हातात घेतला, उलटापालटा केला, डोळ्याला लावला आणि झटकन मागं घेतला.

"भाभी, ह्यातनं तुम्हाला दिसतं?"

"धुकं दिसतं. जुना झालाय ना."

"धुकं? कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. माझ्या हातात आला तेव्हापासनं."

डोळा लावायच्या काचेच्या कडेला काळी चिकटपट्टी होती. ती तो नखानं खरवडायला लागला.

"अहो, काढू नका ती! चीर गेलीय तिथं."

"कसली चीर? कोण म्हणालं?"

हे म्हणाले होते. पट्टीखाली चीर नव्हती. तिळाएवढं चाक होतं. त्यानं ते अंगठ्यानं फिरवलं आणि कॅमेरा माझ्याकडं दिला. "आता बघा. तुम्हीच फिरवा, साफ दिसंपर्यंत."

फिरवलं. रस्त्यापलीकडं केळीचा गाडा होता. गाडेवाल्याच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. मला बटण दिसलं!

"या अल्ला," समदभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "चार साल तुम्ही आंधळ्यावानी फोटो काढले? अन् लोकांनी पैसे दिले? कमाल हाय भाभी!"

दोघंही हसलो. मग तो सांगायला लागला. "हे चाक म्हणजे चष्माच समजा. ज्याची जशी नजर, तसं फिरवायचं. हे तर पार शेवटाला नेऊन वरनं पट्टी मारलीया, हलू नये म्हणून. इतका नंबर कुणाचा?"

"कॅमेरा आमच्या ह्यांचा होता."

"मग लई जाड चष्मा असंल त्यांचा."

"चष्मा नव्हता त्यांना."

त्याचं हसू गेलं. चहा सांगितला. मग हळूच म्हणाला, "ह्या नंबराला बिनचष्म्याचं दहा पावलांवरचं तोंड वळखू येत न्हाय, भाभी."

कॅमेरा चांगला आहे म्हणाला. पण व्हिडिओ नाही यात, अंधारात लवकर धरत नाही, लग्नाला आता पुरायचा नाही. नवा दाखवला. हलका आहे, आणि आत सगळं लख्ख. घ्यायचा तर जुना ठेवून जा म्हणाला.

परत घेऊन आले. येताना सबंध रस्ता समदभाईचाच राग येत होता. चार वर्षं ते चाक ह्यांच्या बोटानं ठेवलेल्या जागी होतं. त्यानं एका अंगठ्यात हलवलं.

२३ ऑक्टोबर

काम सुचत नाही. एकेक आठवतंय.

लोक म्हणायचे, महांतप्पाला गर्व चढलाय, समोरून गेलं तरी ओळख देत नाही. मीही बोलले होते त्यांना त्यावरून.

एकदा ते भरदुपारी शेजारच्या ओसरीवर चढले, चपला काढल्या आणि आत जाऊन पाणी मागितलं. भूकंपानंतर बांधलेल्या आमच्या ओळीतली घरं सगळी सारखीच, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. मग कितीतरी दिवस दारापुढं रांगोळी मोठी काढ म्हणायचे. मला वाटलं, हौस!

चष्म्याचं का सांगितलं नाही? "फोटोवाल्यालाच दिसत नाही" असं लोक म्हणतील म्हणून? मला तरी सांगायचं. मी काय गावभर केलं असतं? लोहाऱ्यात, एसटी थांब्यासमोरच तर चष्म्याचं दुकान आहे.

आणि जेवताना. ताट समोर आणि ह्यांच्या डोळ्याला कॅमेरा. मी भाकरी भाजतेय, हर्षाली अभ्यास करतेय, हे आपले आतून बघत बसलेले. फोटो काढायचेच नाहीत, नुसते बघायचे. मी खेकसायची, "ठेवा तो डबा खाली. जरा माणसांकडं बघा."

माणसांकडंच बघत होते.

२४ ऑक्टोबर

भाकरी थापता थापता हात थांबला. तव्यावरची जळाली.

ट्रॉली दिसलीच नसेल त्यांना! दिवेलागणीची वेळ, मागं दिवा नसलेली ट्रॉली. दिसली नाही म्हणून ब्रेक नाही. दुसरं काही नाही.

शंभुलिंगला सांगून आले, लग्नाचं काम माझ्याकडंच राहू द्या. समदभाईला फोन केला, सोमवारी जुना घेऊन येते, नवा काढून ठेवा.

ते घरीच येत होते.