एकशेपंचवीस की साडेतीनशे

२४ ऑगस्ट, रविवार
काल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार, नदीच्या दोन काठांमधली दगडफेक, आटोपली. पांढुर्णा आज शांत. ठरवलं: दसऱ्याला नवी मोटारसायकल. एकशेपंचवीस सीसीची हलकी, चपळ. नाहीतर साडेतीनशेची क्रूझर, जड आणि स्थिर. हेतू एकच, गायत्रीनं पुन्हा माझ्या मागे बसून सौसरला यावं. दोघंही तिथल्या शाळांत शिकवतो. अकरा वर्षं एका गाडीवर गेलो. मार्चमध्ये पडलो, तिचा हात मोडला, तेव्हापासून ती बसनं जाते. मी जुन्या गाडीवर एकटा. तिला भीती गाडीची आहे. योग्य गाडी आली की प्रश्न सुटेल.

२९ ऑगस्ट
तक्ता केला. वजन, सीटची उंची, ब्रेक, मागच्या माणसाचा आराम. क्रूझर ६१. लहान ६१. गुण देताना माझा कल आड आला का? पुन्हा दिले. ६२, ६२.
गायत्रीला विचारलं. वांगी चिरता चिरता म्हणाली, कोणतीही घ्या, मी बसमध्ये आरामात जाऊन राहिली ना. 'कोणतीही' म्हणाली. म्हणजे विरोध नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
पितृपक्ष. खरेदी नाही, पण ट्रायल म्हणजे खरेदी नव्हे. शोरूममधला वैभव माझा जुना विद्यार्थी. तुलना निःपक्ष व्हावी म्हणून मागच्या सीटवर सरकीच्या ढेपेचं पन्नास किलोचं पोतं बांधलं. दोन्ही गाड्या बसस्टँडपासून जाम नदीच्या पुलापर्यंत. लहान गाडी झटकन वळते, पण पोतं डुलतं. क्रूझरवर पोतं हललं नाही. फक्त बसस्टँडसमोर वळवताना क्रूझर, पोतं आणि मी सावकाश आडवे झालो. वैभव म्हणाला, सर, होते असं पहिल्यांदा.
घरी येईपर्यंत गायत्रीला कळलं होतं. म्हणाली, माझ्या नावाचं पोतं गावभर फिरवून राहिले म्हणे. मी म्हणालो, नावाचं नाही, वजनाचं. तेही आठ किलो कमी. हे सांगायला नको होतं.

१९ सप्टेंबर
शाळेतला सहकारी गुणवंता गायत्रीच्याच बसनं येतो. म्हणाला, सर, वहिनी मस्त खिडकीपाशी बसून जाते, मॅडम लोकांसंग हसत. तिले तिथून काहून उतरवून राहिले? गुणवंता अविवाहित आहे. त्याच्या मताला किती गुण द्यावे, ठरत नाही. माझ्या मागे बसून ती हसायची का, हेही नीट आठवत नाही. मागे बसायची, चेहरा दिसायचा नाही.

२६ सप्टेंबर
प्रामाणिकपणे एक नोंद. जुन्या गाडीचं साडीगार्ड, मागच्या चाकावरची ती जाळी, मीच काढली होती. खडखड करायची. मार्चमधल्या त्या सकाळी गायत्रीनं विचारलं होतं, जाळी काहून काढली? मी म्हणालो, पदर सांभाळून बस. पदर चाकात गेला. दवाखान्यात तिच्या भावासमोर, दिलीपसमोर, मी सांगितलं की तिनं पदर नीट खोचला नव्हता. ती या विषयावर अजूनही बोललेली नाही.
ही बाब तक्त्यात घेता येत नाही. दोन्ही नव्या गाड्यांना जाळी आहे; समान गुण.
तरी दसऱ्याला, पूजेच्या वेळी, सांगेन. चूक माझी होती. तीनच शब्द आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा
क्रूझर घेतली. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. गायत्रीनं गाडीला ओवाळलं, मग मला. ताट धरून जराशी थांबली, मी काही बोलणार असं वाटून. मी म्हणालो, हिचं वजन एकशे पंच्याण्णव किलो आहे. ती म्हणाली, छान. आत गेली.
तीन शब्द दिवाळीपर्यंत पुढे ढकलले. त्या वेळी वातावरण चांगलं असतं.

१२ ऑक्टोबर
मागच्या सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. तिनंच काढावं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, पाण्यापावसात राहू द्या, सीट चांगली राहील.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दिलीप सौसरला राहतो. सातलाच गाडी पुसून ठेवली. हेल्मेट दोन. वाटेत, मागे न बघता सांगायचं ठरवलं होतं. तसं सोपं जाईल. गायत्री पिशवी घेऊन बाहेर आली. म्हणाली, तुम्ही या सावकाश, माझी साडेनऊची आहे. आणि बसस्टँडकडे निघाली.
मी बसच्या मागे निघालो. ती शेवटच्या खिडकीत होती. मला बघून हातानं खूण केली, पुढे जा. पुढे जाववलं नाही. बस थांबली की मी थांबायचो. एका थांब्यावर तिची खिडकी हाताच्या अंतरावर आली. हेल्मेट काढलं. तिनं विचारलं, काय झालं? खरंच, उत्तराची वाट बघत विचारलं.
मी म्हणालो, पाणी आहे का.
तिनं बाटली दिली. बस सुटली.
सौसरपर्यंत तसाच मागे. बसच्या वेगानं चालवलं तर क्रूझर फार तापते, पोटऱ्या भाजून निघाल्या. हा मुद्दा तक्त्यात राहूनच गेला. लहान गाडीच घ्यायला हवी होती.