जांभळीला ताण दिला त्याची हकीगत

आदरणीय साडूभाऊंस,

सप्रेम नमस्कार, विशेष. (एरवी 'विशेष' लिहून पुढे हवापाण्याचंच लिहितो, पण या खेपेला खरोखरच विशेष आहे, तेव्हा चष्मा लावून बसा.) तुमचे गुडघे जिना चढू देतात का? आक्कांच्या मनगटाचं प्लास्टर निघाल्याचं कळलं, बरं वाटलं. निघून तेवीस दिवस झाले. मी मोजत नाहीये, कॅलेंडर समोरच टांगलंय. आक्कांच्या मदतीला म्हणून आमची ही, म्हणजे तुमची मेव्हणी, आठ दिवसांसाठी तुमच्याकडे आली त्याला आता नववा आठवडा लागला. राहू दे, तुमचं घर काही परकं नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडचा फोन नेहमी तीच उचलते आणि मग मी "इकडे सगळं ठीक" एवढं बोलून ठेवून देतो. म्हणून पत्र. एकट्याने वाचा आणि वाचून झालं की फाडून टाका.

तुम्हाला ठाऊकच आहे, मला निवृत्त होऊन वर्ष होत आलं. चौतीस वर्षं वीजखात्यात खांबांवर काढलेल्या माणसाला एकदम खुर्चीत बसवलं तर तो काय करणार? मी घराला हात घातला. सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि शेवटी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून, आम्ही खांबांवर घालायचो तसे त्यांच्यावर रंगाने नंबर घातले. साखर तीन, मीठ सात. शिवाय भिंतीवर यादी. यात चिडण्यासारखं काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही. पण हिचा हात तीस वर्षं न बघता डावीकडे मिठावर जायचा, तो आता साखरेवर पडू लागला, आणि दोन दिवस आम्ही गोड भाजी खाल्ली. ती म्हणाली, तुमचा मला ताण होतो हो. तिसऱ्या दिवशी आक्का पडल्याचा फोन आला. (आक्का मुद्दाम पडल्या असं मी म्हणणार नाही, पण वेळ मात्र बरोबर साधली.) बस सुटताना ही खिडकीतून म्हणाली, "जांभळीला फूल आलं की कळवा, मग येते." मी हसलो. बस वळून दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं की ती हसली नव्हती.

जांभळी म्हणजे मागच्या अंगणात कुंडीत लावलेलं तिचं झुडूप. खरं नाव काठीला बांधलेल्या चिठ्ठीवर होतं, ते पाणी घालून घालून धुऊन गेलं. पानं मखमलीसारखी, फुलं तळहाताएवढी, गडद जांभळी. पण स्वभाव असा नाजूक की वारा सोसत नाही, थंडी सोसत नाही, दुपारचं ऊन सोसत नाही. (मला चौतीस वर्षं हे तिन्ही सोसावं लागलं, कुणी कुंडीतून आत नेलं नाही.) हिने जाताना कपाटाच्या दारावर पाच सूचना लिहून लावल्या होत्या. थांबा, जरा आलो.

आलो. कळी बघून आलो. हो, एक कळी आहे, ते पुढे येईलच.

तर दुसरी सूचना होती, 'थंडी लागू देऊ नका.' पहिल्याच आठवड्यात गारठा पडला. मी कपाटातून हिची शाल काढली आणि जांभळीला नीट पांघरली, वर डोक्यावरून घेतली. आता झुडपाची उंची साधारण हिच्याएवढी, त्याला मी काय करू? सकाळी कुरिअरवाला मागच्या फाटकाशी आला आणि "बाई, सही" म्हणून तिच्यापुढे वही धरून बराच वेळ उभा राहिला. मी त्याला हसलो खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीच खिडकीतून "चहा टाकू का?" असं विचारून बसलो. डोळ्यांत झोप होती. हे आक्कांना सांगू नका.

मग आली पाचवी सूचना. 'कळ्या धरायच्या आधी पंधरा दिवस झाडाला ताण द्या.' साडूभाऊ, वाचून माझी छाती फुगली. अख्ख्या चिठ्ठीत माझ्या धंद्यातलं एवढं एकच! खांब कलू नये म्हणून वरून जमिनीपर्यंत जी तार ओढून बांधतात तिला आम्ही ताण म्हणतो. माझ्या हातचे ताण दिलेले खांब वादळात हललेले नाहीत. मी लगेच पक्कडला बोलावलं. (आमचा जुना जोडीदार. धरलेली गोष्ट सोडत नाही म्हणून पक्कड.) आम्ही दोघांनी चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, तार घेतली, मधे आवळायचे स्क्रू घातले आणि चारी बाजूंनी जांभळीला असा फर्मास ताण दिला की खात्यातल्या साहेबाने येऊन पाठ थोपटली असती. चहा आणायला आत जाता जाता पक्कड म्हणाला, अजून एक पीळ बसेल. बसला. कट् असा आवाज झाला आणि दोन मोठ्या फांद्या खाली आल्या. पक्कड चहाचे कप घेऊन येत होता, तो आवाज ऐकून पळाला, तिसऱ्या तारेत अडकला आणि उरलेल्या झुडपावर पडला. कप वाचले. दोन दिवसांत पानं गळायला लागली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण फूल आलं नाही तर ही येणार नाही, हे एव्हाना मला पुरतं कळलं होतं.

मोडलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मी रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्या उपड्या कुंडीवर बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, अहो काका, झाडाला ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं. काही करायचं नाही. मी म्हटलं, काही म्हणजे काय काय करायचं नाही? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "दिवसातून किती वेळा जाऊन बघता?" मी पंचवीसऐवजी दहा सांगितलं. "पंधरा दिवस लांब राहा. जरा तिची तिला राहू द्या." त्या झुडपाबद्दलच बोलत होत्या, पण मला रस्ताभर कानात तेच ऐकू येत राहिलं.

तारा सोडल्या. पाणी तोडलं. साडूभाऊ, खांबावर उलटं लटकणं सोपं, पण हात बांधून बसणं महाकठीण. अंगणाकडे पाय वळला की मी स्वयंपाकघरात जायचो, आणि तिथे समोर माझेच नंबर. शेवटी रॉकेल घेऊन एकेक नंबर पुसला. डबे परत लावायला गेलो तर कुठला कुठे होता ते मला आठवेना! तीस वर्षं त्या घरात जेवलो आणि मला ठाऊक नाही. मान खाली घालावीशी वाटली. मग फळीवर बघितलं तर डब्यांच्या बुडांच्या गोल खुणा पडलेल्या होत्या. त्या मापाने एकेक डबा बसवत गेलो. चार दिवस लागले. सोळाव्या दिवशी पाणी घातलं आणि तीन आठवड्यांनी कळी धरली. आत्ता पुन्हा बघून आलो. अजून कळीच आहे. फुलली की कळवतोच.

तुमच्या गुडघ्यांना जपा, आक्कांना जड उचलू देऊ नका. मोठ्यांना नमस्कार करायला आता तुम्हीच उरलात, तेव्हा तो तुम्हालाच.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. कळीचं लिहिलं ते खोटं आहे. फूल गेल्या मंगळवारीच आलं, आज झाडावर सात आहेत. पत्र लिहिताना उठत होतो तो फाटकाशी जायला. तुमच्याकडची बस अकराला येते.

पुन्हा ता. क. फुलाचं तिला सांगू नका. ती शब्दाची पक्की, लगेच बॅग भरेल. मला ती फुलासाठी यायला नको आहे. एवढंच सांगा की मीठ परत डाव्या हाताला आहे.

आणखी एक. पत्र फाडून टाका असं वर लिहिलंय. त्याची काही एवढी घाई नाही.