पडद्याबाहेरचं टेबल

छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यातली गार भाकरी पुढ्यात घेणाऱ्या समस्त बायांनो!

हसू नका वहिनी. सभा गाजवून हाताला खोड लागली आहे, पत्र लिहितानाही समोर माइक दिसतो. पण आपल्या दोघींची तक्रार एकच आहे की नाही? तुमच्या घरी तुम्ही, माझ्या सासरी मी. कढई निपटताना वाट्याला रस्सा आला, फोडी कधी आल्या नाहीत.

असो. रत्नमाला वहिनींना मनकर्णाचा नमस्कार. पोरं बरी आहेत ना? मका विकला का? फोन केला असता, पण दादा तुमचा फोन स्पीकरवर लावतो आणि उत्तरंही तोच देतो.

बातमी अशी, की काल मी पहिली गरम रोटी खाल्ली. सिडको बसस्टँडजवळ एक स्वस्त हॉटेल आहे. स्टीलचे पेले, भिंतीला चिकटलेले बाक, आणि शेवभाजीचा वास रस्त्यापर्यंत. सोबत एक ओळखीचे होते. दारातच वेटर म्हणाला, “मॅडम, फॅमिली अंदर है. परदे के पीछे बैठो, आराम से.”

“पडद्यामागं कशाला? चोरीचं खायला आलोय का आम्ही?”

“फॅमिली के लिएच है वो.”

“आम्ही फॅमिली नाय हो,” सोबतचे म्हणाले, “अजून.”

वेटर गालात हसला. शेजारच्या म्हातारबांचा घास हातातच राहिला. आणि तुमची ही नणंद, जिच्या भाषणाला मैदानं भरतात, ती पदराचं टोक चुरगाळत बसली! मग उठून सरळ मधल्या टेबलावर गेले, ट्यूबलाइटखाली.

शेवभाजी आली, वर लालभडक तर्री. तंदूरमधून पहिली रोटी आली, ती बद्रीनाथरावांनी (नाव लिहून गेले, आता खोडत नाही) माझ्या ताटात टाकली. सवयीनं मी ती त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी परत माझ्याकडं.

“गार व्हायली, खा की.”

“तुम्ही आधी.”

“इत्ता पूछपूछ के खाते क्या?” वेटर म्हणाला. “दूसरी लाता मैं, पर पहली तो खाओ कोई!”

म्हातारबांना हसता हसता ठसका लागला. मग खाल्ली मी. तोंड पोळलं वहिनी. डोळ्यांत पाणी आलं, ते तर्रीच्या तिखटानं आलं असं मी त्यांना सांगितलं.

करमाडचे आहेत. शेंद्र्याला कंपनीत नोकरी. बायको आजारात गेली. बोलतात कमी, ऐकतात पुष्कळ. माझ्यासारखीला नवरा असाच हवा.

झालं, लिहिलं एकदाचं. मी लग्न करते आहे.

खंडेरावदादाला सांगितलं आहे. तो नको म्हणाला नाही. म्हणाला, “कर. पण दिवस बुडाल्यावर, करमाडलाच उरकून घे. रत्नमाला यायची नाय. सुवासिनीनं विधवेच्या पाटाला जायचं नसतं.”

वहिनी, आपल्या साळूआत्याचा पाट मला आठवतो. गोठ्यात लावला, कंदिलाची वात बारीक करून. आम्हा पोरींना घरात कोंडलं. तिचं तोंड कुणा सुवासिनीच्या दृष्टीला पडू नये म्हणून उजाडायच्या आत तिला गावाबाहेर काढलं. सासरी चालली होती ती! गुन्हा काय होता तिचा? नवरा मेला, आणि ती मेली नाही! मी कपाटंच्या कपाटं वाचून काढली, पण विधवेच्या सुखाला अंधारच पाहिजे, असं सांगणारं शहाणं पुस्तक मला एकही भेटलं नाही. अंधारात मी लग्न करणार नाही. शेजारी तुम्ही नसाल, तर उजेडातलं लग्नही मला अर्धंच वाटेल.

शुक्रवारी, एकवीस तारखेला, रजिस्टरवर सह्या होतील. रविवारी, तेवीस तारखेला, दुपारी एक वाजता त्याच हॉटेलात जेवण आहे. मधलं टेबल सांगून ठेवलं आहे. दादा आला तर त्याला शेवभाजी मी स्वतः वाढीन. नाहीच आला, तर सिल्लोडहून तासातासाला बस आहे.

नवरा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरलेली नाही. वहिनी, भर दुपारी, भरल्या हॉटेलात, सगळ्यांच्या देखत, तुमच्या हातानं माझी ओटी भरा.

पदर पसरून उभी असलेली,
तुमची नणंद
मनकर्णा